घरपट्टी सुटली, दिव्यांग निधीचा अर्ज अडला: एका महापालिकेच्या नव्या वेबसाइटचं परीक्षण

मराठवाड्यातल्या एका महापालिकेने नागरी सेवांची नवी वेबसाइट सुरू केली आहे. घरपट्टी, नळपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, तक्रारी आणि पाच टक्के दिव्यांग निधीतल्या अर्थसाहाय्याचे अर्ज असं सगळं एकाच पत्त्यावर आणलं आहे. वर उजव्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह आणि शेजारी ‘सर्वांसाठी सुलभ’ अशी ओळ आहे. महापालिकेचं नाव इथे देत नाही. हे परीक्षण त्या साइटच्या आयटी कक्षाला, कंत्राटदाराला आणि असंच काम हाती घेतलेल्या इतर नगरपालिकांना उपयोगी पडावं म्हणून लिहिलं आहे.

कसोटी एकच लावली. न दिसणारी, कमी दिसणारी, हात नीट न चालणारी किंवा ऐकू न येणारी व्यक्ती आपला ओटीपी दुसऱ्याच्या हाती न देता पावतीपर्यंत पोचते का? साइट अडली की माणूस सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो. आधार, बँकेचं पासबुक आणि मोबाइल काउंटरवर ठेवतो, वर पैसेही देतो. तिथले लोक बहुतेक वेळा मदतच करतात. पण आपल्या बँक खात्याची माहिती कोणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क दिव्यांग माणसाकडून काढून घेतला जातो, आणि तो वेबसाइटमुळे जातो.

तपासणीसाठी विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, ई-स्पीकच्या मराठी आवाजासह वापरली. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा फोनमधलाच स्क्रीन रीडर आणि गुगलचा मराठी आवाज घेतला. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने आणि ब्राउझर ४०० टक्के मोठा करूनही प्रत्येक सेवा पाहिली. मोजमाप डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या डबल-ए पातळीचं धरलं. केंद्र सरकारच्या वेबसाइटसाठीची २०२३ मधली मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे जीआयजीडब्ल्यू ३.०, त्याच पातळीवर आधारलेली आहेत.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. घरपट्टीचा विभाग कोणी तरी मन लावून केलाय. पान उघडून टॅब दाबला की पहिल्यांदा ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक येते, त्यामुळे वरचा तीस-चाळीस लिंकांचा मेनू दरवेळी ऐकत बसावा लागत नाही. मालमत्ता क्रमांकाच्या रकान्यावर गेल्यावर ‘मालमत्ता क्रमांक, आवश्यक’ असं स्पष्ट ऐकू येतं. क्रमांक चुकला तर कर्सर चूक सांगणाऱ्या संदेशावर जातो आणि संदेश नुसतं ‘अवैध’ म्हणत नाही. ‘हा क्रमांक सापडला नाही. जुन्या पावतीच्या वरच्या भागात तो छापलेला असतो’ असं वाक्य आहे. मागणीचा तक्ता नीट बांधलाय. चालू मागणी, थकबाकी, शास्ती आणि एकूण हे रकाने मथळ्यांसकट वाचले जातात, त्यामुळे एखादा आकडा ऐकताना तो कोणत्या वर्षाच्या शास्तीचा हे लगेच कळतं. पावतीच्या पीडीएफमध्ये खरा युनिकोड मजकूर आहे. तो वाचता येतो, शोधता येतो, दुसरीकडे चिकटवता येतो. ज्या कोणी हे केलं, त्यालाच उरलेलं काम द्यावं.

कारण याच साइटवर दिव्यांग निधीचा अर्ज सगळ्यात वाईट आहे. मुख्य साइट नव्या साच्यात बसवली, पण हा अर्ज जुन्या प्रणालीतून उचलून आत जोडला असावा. पत्ता बदलतो, रचना बदलते, मेनू गायब होतो. सुलभतेचं ऑडिट झालं असं सांगितलं जातं तेव्हा कोणत्या पानांचं झालं, हे विचारायचं ते याचसाठी. पहिलं पान, ‘आमच्याविषयी’ आणि आयुक्तांचं मनोगत तपासून प्रमाणपत्र मिळत असेल तर त्याने कुणाचा अर्ज पुढे सरकत नाही.

पहिली अडचण लॉगिनलाच येते. बेरजेचा कॅप्चा, म्हणजे समोर यंत्र नाही, माणूसच आहे हे तपासणारं कोडं आहे, पण ती बेरीज चित्रात काढलेली. स्क्रीन रीडर फक्त ‘चित्र’ म्हणतो. स्पीकरचं बटण आहे, ते दाबल्यावर घाईच्या इंग्रजीत खरखरीत अंक ऐकू येतात. कमी दिसणाऱ्याला आणि कमी ऐकू येणाऱ्याला, दोघांनाही उपयोग नाही. मुळात पुढच्या पायरीला मोबाइलवर ओटीपी येणारच आहे, मग कॅप्चा कशासाठी? यंत्राने भरलेले खोटे अर्ज रोखायचे असतील तर एका क्रमांकावरून तासाला किती ओटीपी मागता येतील याला मर्यादा घाला आणि माणसाला न दिसणारा एक सापळा-रकाना ठेवा, यंत्र तो भरतं आणि पकडलं जातं. तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपवावा लागतो, नाहीतर अंध व्यक्तीच त्यात अडकते.

ओटीपीसाठी सहा वेगवेगळे चौकोन केलेत. दिसायला छान. ऐकताना मात्र सहा वेळा ‘रिकामा रकाना’ एवढंच. प्रत्येक अंकानंतर कर्सर आपोआप उडी मारतो, त्यामुळे एक अंक चुकला की मागे येऊन कुठला चुकला हे शोधणं अवघड होऊन बसतं. वेळ ६० सेकंद. टॉकबॅक वापरणाऱ्याला सूचना ऐकायची, मेसेज उघडायचा, सहा अंक लक्षात ठेवायचे, परत ब्राउझरमध्ये येऊन रकाना शोधायचा असं सगळं करायचं असतं. एकच रकाना ठेवा, त्याला ‘मोबाइलवर आलेला सहा अंकी ओटीपी’ असं लेबल द्या आणि त्याच्या कोडमधल्या ऑटोकम्प्लीटपुढे ‘वन-टाइम-कोड’ लिहा, म्हणजे बहुतेक फोन अंक स्वतःच सुचवतात. वेळ दहा मिनिटं करा. घड्याळ उलटं मोजत असेल तर ते दर सेकंदाला मोठ्याने वाचलं जाणार नाही याची काळजी घ्या. इथे ते वाचलं जातं, आणि त्या गडबडीत दुसरं काहीच ऐकू येत नाही.

आत गेल्यावर नाव, पत्ता, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी. या रकान्यांना लेबलच नाहीत, नुसता आत फिकट मजकूर लिहिलाय. टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. विसरणाऱ्या माणसाला, लक्ष सहज विचलित होणाऱ्या माणसाला आपण काय भरत होतो हे परत बघता येत नाही. शिवाय तो राखाडी रंग पांढऱ्यावर इतका फिका आहे की अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातली तफावत २.८ ला १ एवढीच भरते. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागते. हीच गत शीर्षकांच्या केशरी रंगाची. झेंड्यातल्यासारखा केशरी पांढऱ्या पार्श्वभूमीवर मजकुरासाठी वापरला की तफावत २.१ ला १ च्या आसपास येते. केशरी पट्टा ठेवा, त्यावर काळी अक्षरं घ्या. शोभा जात नाही, वाचता मात्र येतं.

जन्मतारखेला कॅलेंडर उघडतं आणि हाताने तारीख लिहायला बंदी. कॅलेंडर चालू महिन्यापासून सुरू होतं आणि मागे जायला एकच बाण, एका दाबाला एक महिना. साठ वर्षांच्या माणसाला ७२० वेळा दाबावं लागेल. थरथरत्या हाताच्या किंवा तोंडात काडी धरून कीबोर्ड चालवणाऱ्या व्यक्तीला हे शक्यच नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने ठेवले की प्रश्न मिटतो. ते रकाने देवनागरी अंकही घेतील असं करा. सध्या ‘१९६४’ टाकलं तर ‘कृपया योग्य वर्ष टाका’ येतं आणि ‘योग्य’ म्हणजे काय हे कुठेच सांगितलेलं नाही. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक येणारच. ते सर्व्हरवर आतल्या आत बदलून घेणं ही प्रोग्रामरसाठी दोन ओळींची गोष्ट आहे.

कायमच्या पत्त्यासाठी जिल्हा निवडला की तालुका, तालुका निवडला की गाव अशी साखळी आहे. मराठवाड्यातल्या शहरात राहणाऱ्या किती तरी लोकांचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात असतं, म्हणून ही साखळी नीट चालणं महत्त्वाचं. कीबोर्डने खालचा बाण दाबला की प्रत्येक नावाला पान नव्याने लोड होतं आणि कर्सर थेट पानाच्या वर जातो. नांदेडपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्याला हे होतं. यादीत धाराशिव नाहीच, २०२३ च्या नामांतरानंतरही जुनंच नाव राहिलंय. ‘ध’ टाइप केलं की धुळ्यावर जाऊन थांबतं. डोळस माणूस यादी नजरेखालून घालतो आणि ‘उस्मानाबाद’ उचलतो. ऐकून शोधणाऱ्याला आपला जिल्हा यादीत नाही असंच वाटतं. नव्या नावापुढे जुनं नाव लिहिलं तर दोन्हीकडचे लोक सुटतात. पुढे नांदेडच्या तालुक्यांत मुखेड आणि मुदखेड एकाखाली एक येतात. स्क्रीन रीडर वेगात लावलेला असतो, एका ‘द’ची चाहूल सहज निसटते. म्हणून निवड झाल्यावर खाली ‘तुम्ही निवडलेलं: मुदखेड, जिल्हा नांदेड’ असं वाक्य यावं आणि ते आपोआप वाचलं जावं. पान नव्याने लोड न करता फक्त पुढची यादी बदलावी, आणि कर्सर जिथे होता तिथेच राहावा.

युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या क्रमांकाच्या सुरुवातीला राज्याची इंग्रजी अक्षरं असतात, इथला रकाना फक्त अंक घेतो. म्हणजे ज्या कार्डाच्या आधारावर लाभ द्यायचा, तेच कार्ड अर्जात बसत नाही. फॉर्म प्रत्यक्ष कार्ड हातात घेऊन कुणी भरून पाहिला असता तर हे पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

कागदपत्रं चढवण्याची जागा ‘फाइल इथे ओढून सोडा’ अशी आहे. ती माउसशिवाय चालत नाही, टॅब तिच्यावर थांबतच नाही. फोटो ५० केबीच्या आत हवा. फोनच्या कॅमेऱ्यातून निघणारा फोटो दोन-चार एमबीचा असतो, तो लहान करायला वेगळं ॲप शोधावं लागतं आणि तीही ॲपं अंधांना धड चालतील असं नाही. मोठा फोटो घ्या, सर्व्हरने लहान करावा. फोटो नाकारला की चौकटीला नुसती लाल कड येते, शब्द नाही. रंग न ओळखता येणाऱ्यालाही कळत नाही, न दिसणाऱ्यालाही नाही. साधं ‘फाइल निवडा’ बटण ठेवा आणि डिजिलॉकरमधून कार्ड घेण्याची सोय द्या, म्हणजे अंध व्यक्तीला स्कॅन सरळ आलाय की उलटा हे दुसऱ्याला विचारावं लागणार नाही. सहीचा फोटो सक्तीचा आहे, अंगठा चालेल असं कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही हात नसलेल्या माणसाने काय करायचं, याला अर्जात जागाच नाही.

सेल्फीच्या पायरीवर ‘डोळे मिचकवा’ अशी सूचना पडद्यावर येते, आवाजात येत नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांच्या ई-केवायसीबद्दलच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीबद्दलच्या) याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून २० निर्देश दिले. डोळे मिचकवण्याला पर्याय हवा, हा मुद्दा त्या प्रकरणाच्या गाभ्याशी होता. त्यानंतर बांधलेल्या साइटवर ही अट दिसायलाच नको.

एवढं करूनही दहा मिनिटं झाली की सत्र संपतं. आधी इशारा नाही, भरलेलं काही राहत नाही. डब्ल्यूसीएजी सांगतं की मुदत संपण्याआधी कळवा, निदान २० सेकंद द्या, एका साध्या कृतीने मुदत वाढवू द्या आणि असं किमान दहा वेळा करता येऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे अर्ज पायरीपायरीने जपून ठेवा. आणि शेवटी ‘सबमिट’ दाबल्यावर अर्ज क्रमांक येतो तो हिरव्या पट्टीत, चार-पाच सेकंदांसाठी. पट्टी जाते, क्रमांकही जातो. स्क्रीन रीडरला ती पट्टी आलेली कळतच नाही. एवढी यातायात करून हाती काहीच लागत नाही, आणि अर्ज गेला की नाही म्हणून माणूस पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतो. यशाचं वेगळं पान हवं, त्याच्या मोठ्या मथळ्यातच अर्ज क्रमांक हवा, सोबत एसएमएस हवा.

संपूर्ण साइटला लागू होणारा एक दोष अगदी लहान आहे आणि सगळ्यात महाग पडतो. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण ‘ईएन’ राहिली आहे. ती पाहून स्क्रीन रीडर मराठी आवाज सोडून इंग्रजी आवाज घेतो आणि देवनागरी शब्दांचे तुकडे करतो. ‘एमआर’ लिहिलं की संपलं. मधे एखादं वाक्य इंग्रजीत असेल तर तेवढ्याला वेगळी खूण द्यायची. घरपट्टीचा विभाग इतका चांगला असूनही एनव्हीडीएमध्ये ‘भाषा आपोआप बदला’ ही सोय हाताने बंद केल्याशिवाय तो धड ऐकू येत नाही.

निविदा, शासन निर्णय आणि लाभार्थ्यांच्या याद्या पीडीएफमध्ये आहेत, आणि त्यांत तीन जाती दिसतात. काही नव्या, युनिकोडमधल्या, चांगल्या. काही कागद स्कॅन करून टाकलेल्या, म्हणजे नुसती चित्रं. आणि बऱ्याचशा श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटीसारख्या जुन्या फाँटमधल्या. या तिसऱ्या प्रकाराने फसायला होतं. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, मजकूर निवडताही येतो, म्हणून अधिकारी ‘हे तर टेक्स्ट आहे’ म्हणतात. आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, स्क्रीन रीडर तेच वाचतो. ओळखायची सोपी रीत: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटली तर ठीक, कचरा उमटला तर फाइल परत विभागाकडे पाठवा. आस्थापना, लेखा, नगररचना अशा सगळ्या विभागांना ‘युनिकोडमध्ये टंकलेखन करा, वर्डमधून थेट पीडीएफ काढा, प्रिंट काढून स्कॅन करू नका’ एवढं परिपत्रक काढलं तरी पुढच्या फाइली सुधारतील. सहीसाठी प्रिंट लागतेच म्हणत असतील तर डिजिटल सही वापरा, नाहीतर सहीची प्रत आणि वाचता येणारी प्रत अशा दोन्ही ठेवा.

कोपऱ्यातल्या व्हीलचेअरच्या चिन्हाबद्दल. ते बाहेरून विकत घेतलेलं विजेट, म्हणजे साइटवर वरून चिकटवलेलं तयार साधन आहे. अक्षर मोठं करा, रंग उलटा करा, लिंका ठळक करा अशी बटणं त्यात आहेत. यातलं बहुतेक काम फोन आणि ब्राउझर आधीच करतात. लेबल नसलेल्या रकान्याला ते लेबल देऊ शकत नाही, कॅलेंडर दुरुस्त करू शकत नाही. उलट ‘अक्षरांतील अंतर वाढवा’ हे बटण दाबलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होऊन जातो. ओळींची उंची न वाढवता अक्षर मोठं केलं की वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात. देवनागरीला ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी हवं आणि मूळ अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको, नाहीतर ‘द्ध’, ‘द्व’, ‘ष्ठ’ सारखी जोडाक्षरं कमी दिसणाऱ्याला एकच वाटतात. अशा विजेटने साइट मानकांत बसते असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या एफटीसी या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला सांगितलं होतं. या विजेटवर दरवर्षी जाणारा पैसा दिव्यांग परीक्षकांच्या मानधनावर खर्च करावा.

कर्णबधिरांसाठी साइटने जवळजवळ काहीच केलेलं नाही. मदतीसाठी फक्त फोन नंबर आहे, मजकुरातून तक्रार लिहायची सोय नाही. योजनेच्या माहितीच्या व्हिडिओला उपशीर्षकं नाहीत, सांकेतिक भाषाही नाही. ‘विहित नमुन्यातील परिपूर्ण प्रस्ताव सादर करणे बंधनकारक राहील’ असल्या वाक्यांनी त्यांचीही अडचण होते आणि बौद्धिक दिव्यांगांच्या पालकांचीही. ‘हा फॉर्म पूर्ण भरून द्या’ म्हणता येतं.

दुरुस्तीचा क्रम लावायचा तर भाषेची खूण, रकान्यांची लेबलं, रंग, कीबोर्डचा कर्सर दिसेनासा करणारी सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधली) ओळ काढणं आणि ओटीपीचा एक रकाना ही कामं आधी घ्यावीत. ती मूळ प्रणालीला हात न लावता होतात. जिल्ह्यांची यादी, कॅलेंडर आणि फाइलची जागा यांना प्रोग्रामर बसवावा लागेल. जुनी प्रणाली बदलायला वेळ जाणारच असेल तर तोवर दिव्यांग कक्षाने कागदी अर्ज घ्यावेत आणि ते साइटवर ठळक लिहावं. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता थांबवून ठेवा आणि अंध, कमी दिसणारे, हाताने दिव्यांग आणि कर्णबधिर नागरिक मानधन घेऊन अर्ज पावतीपर्यंत भरून दाखवतील, तेव्हाच तो सोडा. ही अट निविदेत लिहिलेली असली की नंतर वाद होत नाही.

कायद्याने हे आधीच सांगितलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेबद्दल आहे. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गावच्या साइटवर असं काही अडलं तर महापालिका आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या आणि प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवा. तक्रारीत ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ, फोन की संगणक, ब्राउझर आणि स्क्रीन रीडरचं नाव व आवृत्ती, कितव्या पायरीला अडलं, तिथे काय ऐकू आलं आणि काय ऐकू यायला हवं होतं, हे सगळं लिहा. फोनवर टॉकबॅकच्या आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग करता आलं तर तेही जोडा, फक्त पाठवण्याआधी त्यातला आधार क्रमांक, ओटीपी आणि बँक खातं ऐकू येणारा भाग कापून टाका.